इंदूरमध्ये घरातील खोल्या पाहुण्यांना अल्प मुदतीसाठी देताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर, रामबाग अशा भागांतल्या अनेक मराठी घरांत आज दोघेच ज्येष्ठ राहतात. मुले पुण्याला, बेंगळुरूला किंवा परदेशी असतात आणि वरच्या मजल्यावरच्या दोन-तीन खोल्या दिवाळीखेरीज उघडल्या जात नाहीत. दुसरीकडे, ऑक्टोबर २०२२ मध्ये उज्जैनचा महाकाल लोक हा मंदिर परिसर खुला झाल्यापासून उज्जैन, ओंकारेश्वर आणि महेश्वर असा प्रवास करणारी बरीच कुटुंबे इंदूरला मुक्काम ठेवतात, आणि त्यांतल्या पुष्कळांना हॉटेलपेक्षा घर हवे असते. ही गाठ पडावी आणि ती नियमांत राहून पडावी, या इच्छेने शेजाऱ्यांनी व परिचितांनी आम्हाला वेळोवेळी विचारलेले प्रश्न येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत.

घरातल्या एक-दोन खोल्या पाहुण्यांना देण्यासाठी नेमकी कोणाची परवानगी घ्यावी लागते?

एका अर्जावर सगळे काम होईल अशी एकच परवानगी नाही, आणि बहुतेक गोंधळ येथूनच सुरू होतो. घर पर्यटकांसाठी म्हणून चालवायचे असेल तर नोंदणी पर्यटन विभागाकडे होते. घरात कोण उतरले आहे याची माहिती पोलिसांना द्यावी लागते. घराचा वापर आणि त्यावरचा कर हा नगर निगमाचा विषय आहे. विजेचा दर वीज कंपनी ठरवते. आणि घर ज्या जमिनीवर किंवा ज्या इमारतीत आहे तिच्या कागदांतल्या अटी या सगळ्यांच्या आधी वाचाव्या लागतात. एका कार्यालयाचा कागद हाती आला म्हणून बाकीच्यांची जबाबदारी संपत नाही.

मात्र या सर्वांच्या आधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. आपले कुटुंब त्याच घरात राहते का? राहत असेल तर आपला मार्ग होम स्टेचा आहे आणि तो तुलनेने सरळ आहे. राहत नसेल, तर आपण घर चालवत नसून निवासाचा व्यवसाय चालवत आहात असे मानले जाण्याची शक्यता पुष्कळ वाढते, आणि पुढची सगळी उत्तरे त्यानुसार बदलतात.

होम स्टेची नोंदणी कशी होते?

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या बेड अँड ब्रेकफास्ट अथवा होम स्टे योजनेत किमान एक आणि जास्तीत जास्त सहा खोल्या, म्हणजे बारा खाटा, देता येतात. मालक कुटुंबासह त्याच घरात राहत असणे ही मुख्य अट आहे. आणि सोयींनुसार घराला सिल्व्हर किंवा गोल्ड असा दर्जा दिला जातो. मध्य प्रदेश शासनाच्याही स्वतंत्र योजना आहेत. होम स्टे, बेड अँड ब्रेकफास्ट, फार्म स्टे आणि ग्राम स्टे असे त्यांचे प्रकार असून त्यांचे काम मध्य प्रदेश टूरिझम बोर्ड पाहते. इंदूर शहरातल्या घरांसाठी यांतले पहिले दोनच प्रकार कामाचे आहेत. महू किंवा मानपूरच्या बाजूला शेतावर घर असेल, तर फार्म स्टेचा विचार अवश्य करावा.

अर्जासोबत मालकीचा पुरावा, मालकाचे ओळखपत्र, खोल्यांची छायाचित्रे अशी कागदपत्रे जोडावी लागतात आणि नंतर घराची प्रत्यक्ष पाहणी होते. पाहणीला येणारी मंडळी स्वच्छतागृह, हवा-उजेड, पिण्याच्या पाण्याची व्यवस्था आणि आग विझवण्याचे साधन याच गोष्टी पाहतात, तेव्हा उंची पडद्यांवर खर्च करण्यापूर्वी न्हाणीघरातली ओल काढून घ्यावी असा आमचा सल्ला आहे.

रजिस्ट्री अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर आधी नामांतरण करून घ्यावे, म्हणजे मालक म्हणून आपले नाव नोंदवून घ्यावे. जुन्या वाड्यांत चार भावांचा सामाईक हक्क असतो. अशा वेळी इतर हिस्सेदारांची लेखी संमती नसताना एकाने पाहुणे ठेवले, तर नियमांचा प्रश्न उद्भवण्यापूर्वीच घरात वाद उभा राहतो.

पोलिसांना माहिती देणे खरोखर सक्तीचे आहे का? दोन रात्रींसाठी कोण ठाण्यात जाणार?

या प्रश्नाकडे आम्ही सर्वांत गांभीर्याने पाहतो, म्हणून उत्तर सविस्तर देत आहोत.

इंदूरमध्ये डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय पद्धत आहे आणि भाडेकरू, वसतिगृहे, हॉटेले व लॉज यांत राहणाऱ्यांची माहिती ठाण्याला कळवण्याविषयी प्रतिबंधात्मक आदेश निघत असतात. हे आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली काढले जातात. पूर्वी हेच कलम १४४ म्हणून ओळखले जाई. असा आदेश एका वेळी दोन महिन्यांपर्यंतच लागू राहतो आणि पुढे चालू ठेवायचा असल्यास नव्याने काढावा लागतो. त्यामुळे मागच्या वर्षी वाचलेल्या आदेशावर विसंबून राहू नये, आणि सध्या कोणता आदेश लागू आहे व त्यात आपल्यासारख्या घरांविषयी काय म्हटले आहे, हे आपल्या ठाण्यात विचारून घ्यावे. आदेशाचा भंग झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो, आणि तो पाहुण्यावर नव्हे, घरमालकावर नोंदवला जातो.

येथे भाषेचा एक बारीक मुद्दा आहे. आदेश हिंदीत असतो आणि त्यात ‘थाने में सूचना दें’ असे शब्द येतात. मराठी वाचकाला ‘सूचना’ या शब्दाने ताकीद किंवा सल्ला असे काही वाटते, परंतु येथे अर्थ ‘माहिती द्या’ असा आहे. त्याचप्रमाणे ‘सत्यापन’ म्हणजे पडताळणी आणि ‘अनापत्ति’ म्हणजे आपले ना-हरकत. आमच्या ओळखीच्या एका आजोबांनी असा कागद ‘नुसती सूचना आहे’ म्हणून फाइलला लावून ठेवला होता.

महिनोन्महिने राहणाऱ्या भाडेकरूची माहिती मध्य प्रदेश पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरून घरबसल्याही भरता येते. दोन-तीन रात्रींच्या पाहुण्यांसाठी उत्तम मार्ग असा, की आरंभीच आपल्या ठाण्यात जाऊन आपण अशा रीतीने खोल्या देणार आहोत हे लेखी कळवावे, पोच घ्यावी आणि रोजची माहिती कोणत्या स्वरूपात हवी हे तेथेच ठरवून घ्यावे.

आमच्या स्वतःच्या घरी सुरुवातीच्या दिवसांत आम्ही हे केले नव्हते. ज्या संकेतस्थळावर खोली नोंदवली होती, तेथे पाहुण्यांची सगळी पडताळणी होते असे सांगण्यात आले होते आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवला. एका संध्याकाळी बीटचे हवालदार चौकशीला आले, तेव्हा आमच्या वहीत पाहुण्यांची फक्त नावे आणि मोबाइल क्रमांक होते. ते कोठून आले, त्यांच्यासोबत कोण होते, कधी गेले, यांपैकी काहीच सांगता येईना. काही अनिष्ट घडले नाही, पण आपल्याच घरात कोण झोपले होते हे आपल्याला सांगता येत नाही, ही गोष्ट मनाला फार लागली.

मग वहीत काय काय लिहावे?

पाहुण्याचे पूर्ण नाव व कायमचा पत्ता, सोबतच्या प्रत्येक व्यक्तीचे नाव व वय, कोणते ओळखपत्र पाहिले, कोठून आले व पुढे कोठे जाणार, येण्याची व जाण्याची तारीख आणि वेळ, वाहन असल्यास त्याचा क्रमांक, आणि शेवटी पाहुण्याची सही. पाने सुटी नसावीत आणि त्यांवर क्रमांक छापलेले असावेत.

आधारची प्रत घेताना शक्यतो मास्क्ड आधार मागावे. त्यावर शेवटचे चार अंकच दिसतात आणि ओळख पटवायला तेवढे पुरते. मतदार ओळखपत्र, पारपत्र किंवा वाहन परवानाही चालतो. पॅन कार्डावर पत्ता नसल्यामुळे ते एकटे पुरेसे नाही. या प्रती मोबाइलच्या गॅलरीत घरच्या लग्नाच्या फोटोंमध्ये मिसळून ठेवू नयेत. लोकांनी विश्वासाने दिलेली ती माहिती आहे, आणि तिची जबाबदारी आपली आहे.

परदेशी पाहुणा आला तर?

परदेशी नागरिक घरात उतरल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. हे विवरण सी फॉर्म या नावाने सर्वांना परिचित आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचे जुने कायदे जाऊन इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट, २०२५ लागू झाला असला, तरी घरमालकाची ही जबाबदारी कायम आहे. त्यासाठी आधी संकेतस्थळावर आपल्या घराची नोंद करून लॉगिन मिळवावे लागते, त्याला काही दिवस लागतात. परदेशी आरक्षण हाती आल्यावर हे काम सुरू केले तर उशीर ठरलेलाच असतो. पारपत्र आणि व्हिसा या दोन्हींची पाने पाहावीत व व्हिसाची मुदत तपासावी.

येथे पुष्कळदा विचारले जाते की भारतीय पारपत्रावर परदेशात राहणाऱ्यांचे काय. ते भारतीय नागरिकच आहेत, म्हणून त्यांना हा फॉर्म लागत नाही. परंतु अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेला आपला भाचा कायद्याच्या दृष्टीने परदेशी नागरिक असतो, हे लक्षात ठेवावे. त्याच्याकडून भाडे घेतले की नाही यावर हा नियम अवलंबून नाही.

रिकामा फ्लॅट आहे आणि आम्ही तेथे राहत नाही. तो रोजच्या भाड्याने देता येईल का?

होम स्टेचा पायाच मालकाच्या वास्तव्यावर आहे, त्यामुळे होम स्टे म्हणून नाही. बेड अँड ब्रेकफास्टची शासकीय योजना आपल्या घराला लागू होते का, हे टूरिझम बोर्डाकडे विचारावे. पण त्याआधी इमारतीचे नियम वाचावेत. मध्य प्रदेशात सदनिकांच्या मालकीसाठी प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम, २००० आहे, आणि त्याखालच्या सदनिकाधारकांच्या संघाच्या उपविधींत किंवा आपल्या खरेदीखतात ‘केवळ निवासी वापर’ अशी अट बहुधा असते. समितीची लेखी संमती घ्यावी. अध्यक्षांशी जिन्यात झालेले बोलणे संमती ठरत नाही, कारण पुढच्या वर्षी अध्यक्ष बदलतात.

आमचे स्पष्ट मत असे, की ज्या इमारतीत मालक राहत नाही आणि किल्ली सुरक्षा रक्षकाच्या हातून दिली जाते, तेथे शेजाऱ्यांची हरकत रास्त असते. रात्री एक वाजता सराफ्याच्या खाऊबाजारातून परतलेले दहा जण लिफ्टमध्ये मोठ्याने बोलत असतील, तर त्यांना थांबवायला घरचे कोणीतरी हवे. ते नसेल तर तो फ्लॅट महिन्याच्या भाड्याने द्यावा.

आम्ही स्वतः भाड्याने राहतो. एक खोली पुढे देऊ का?

मालकाच्या लेखी संमतीशिवाय देऊ नये. मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ च्या कलम १२ नुसार बेकायदा पोटभाडेकरू ठेवणे हे घर खाली करून घेण्याचे स्वतंत्र कारण आहे.

आमचा भूखंड इंदूर विकास प्राधिकरणाच्या योजनेतला आहे. त्याने काही फरक पडतो का?

पडतो. योजना क्रमांक ५४, ७८ आणि अशा इतर योजनांतले पुष्कळ भूखंड प्राधिकरणाने लीजवर दिलेले आहेत आणि लीजच्या दस्तात भूखंडाचा वापर नमूद केलेला असतो. निवासी भूखंडावर कुटुंबाने राहून एखादी खोली पाहुण्यांना देणे आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत खोल्या पाडून बाहेर पाटी लावणे, यांत प्राधिकरण फरक करणारच. दुसऱ्या प्रकारात लीजच्या अटींचा भंग झाल्याची नोटीस येऊ शकते. दस्त काढून तो पूर्ण वाचावा. फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण मालकीच्या, करून घेतलेल्या भूखंडालाही मंजूर नकाशा आणि शहराच्या विकास योजनेतला भूवापर लागू राहतोच.

संपत्तिकर, वीज आणि गॅस यांचे काय?

संपत्तिकराचे विवरण आपण स्वतः भरतो आणि त्यात घराचा कोणता भाग कसा वापरला जातो हे सांगावे लागते. निवासी आणि व्यावसायिक वापराचे दर वेगळे आहेत. वापर बदलला असेल तर तो निगमाच्या आपल्या झोन कार्यालयात आपणहून कळवावा. व्यापार अनुज्ञप्ती (व्यवसायाचा परवाना) घ्यावी लागेल का, हेही तेथेच लेखी विचारून घ्यावे.

विजेच्या बाबतीत अधिक सावध असावे. घरगुती जोडणीवरून इतर कारणासाठी वीज वापरली, तर वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली आकारणी होते आणि ती लागू दराच्या दुप्पट असते. शासकीय होम स्टे म्हणून नोंदणी झालेली असल्यास तिचे प्रमाणपत्र पश्चिम क्षेत्र वीज वितरण कंपनीच्या झोन कार्यालयात दाखवून आपल्याला कोणता दर लागू होईल, याचे उत्तर लेखी घ्यावे. पाहुण्यांच्या खोल्यांसाठी वेगळा सब-मीटर बसवलेला बरा, म्हणजे हिशेब आपल्यालाही कळतो. गॅसविषयी इतकेच, की १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर घरच्या स्वयंपाकासाठी आहे. पैसे घेऊन नियमितपणे जेवण पुरवायचे असेल तर १९ किलोची व्यावसायिक जोडणी घ्यावी.

जीएसटी भरावा लागतो का?

मध्य प्रदेशात सेवा देणाऱ्याची वर्षाची एकूण उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल, तर नोंदणी सहसा आवश्यक नसते. एक-दोन खोल्यांच्या घराची उलाढाल क्वचितच तेथवर जाते. मात्र उलाढालीत आपल्या दुकानाचे किंवा सल्लागारीचे उत्पन्नही मोजले जाते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

बुकिंग एखाद्या संकेतस्थळातर्फे होत असेल आणि आपली स्वतःची नोंदणी आवश्यक नसेल, तर निवास सेवेवरचा कर ते संकेतस्थळच गोळा करून भरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रतिदिन ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के असा दर आहे. १,००० रुपयांपेक्षा स्वस्त खोलीला करमाफी आहे असे अजूनही काही जण सांगतात. ती सवलत जुलै २०२२ मध्येच संपली.

आणि आयकर?

मिळालेले सर्व भाडे विवरणपत्रात दाखवावे लागते. निवासी घर भाड्याने देऊन मिळालेले उत्पन्न मालकाने घरमालमत्तेच्या शीर्षाखालीच दाखवावे, असा बदल २०२४ च्या अर्थसंकल्पाने केला. त्या शीर्षाखाली ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. चहा-नाश्ता, सफाई, गाडीची सोय यांचे पैसे वेगळे घेत असाल, तर त्या उत्पन्नाची मांडणी आपल्या चार्टर्ड अकाउंटंटकडून करून घ्यावी आणि पावत्याही पहिल्या दिवसापासून वेगळ्याच फाडाव्यात. संकेतस्थळाने ०.१ टक्का टीडीएस कापला असल्यास तो आपल्या खात्यावर दिसतो. म्हणजेच ही रक्कम आयकर विभागाला आधीच ठाऊक असते.

पाहुण्यांना जेवण देता येते का?

देता येते. पैसे घेऊन अन्न देणाऱ्या लहान व्यवसायालाही अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खाली नोंदणी करावी लागते. ती ऑनलाइन होते आणि तिचे शुल्क लहान व्यवसायांना परवडण्याजोगे आहे. सकाळी पोहे आणि जिलेबी सर्वांनाच आवडतात, पण आमच्या अनुभवात पाहुण्यांना साधे वरणभात, भाकरी आणि पिठले यांचे अप्रूप अधिक असते. पाण्याची टाकी ठरावीक काळाने धुऊन तारीख लिहून ठेवावी. नर्मदेचे पाणी नळाला आले तरी ते साठते आपल्याच टाकीत.

मद्य मात्र परवान्याशिवाय विकता किंवा पुरवता येत नाही. पाहुण्यांना हेही सांगून ठेवावे, की १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर आणि महेश्वर येथे मद्यविक्री बंद आहे.

अविवाहित जोडप्याला खोली देणे बेकायदेशीर आहे का?

नाही. दोन सज्ञान व्यक्तींनी एका खोलीत राहण्यास मनाई करणारा कायदा नाही. दोघांचीही ओळखपत्रे घ्यावीत आणि वय अठराहून कमी नाही याची खात्री करून घ्यावी. आपल्याच घरात आपण राहत असल्यामुळे फक्त कुटुंबांनाच खोली द्यायची असे ठरवले असेल, तर तसे जाहिरातीत आधीच स्पष्ट लिहावे. रात्री दारात उभे करून परत पाठवणे आम्हाला कोणत्याही दृष्टीने योग्य वाटत नाही.

कॅमेरे लावावेत का?

फाटक, जिना आणि पार्किंग येथे लावावेत व तसा फलक असावा. खोलीत, न्हाणीघरात किंवा खोलीच्या आतल्या दिशेने तोंड असलेला कॅमेरा कदापि लावू नये. तो गंभीर गुन्हा आहे.

कचरा, आवाज आणि गाड्या यांविषयी शेजाऱ्यांच्या तक्रारी येतात. नियम काय आहेत?

इंदूरमध्ये कचरा घरातच सहा प्रकारांत वेगळा करून द्यावा लागतो. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि इलेक्ट्रॉनिक असे ते प्रकार आहेत. बाहेरगावच्या पाहुण्याला ही सवय नसते. खोलीत सहा डबे मांडण्यापेक्षा ओल्या-सुक्याचे दोन ठेवून बाकीची वर्गवारी सकाळची गाडी येण्यापूर्वी आपण करावी, हे आम्हाला व्यवहारात सोपे पडले. दंड झाला तर तो घरावर होतो.

रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ध्वनिवर्धक लावता येत नाही. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. वाढदिवसाच्या पार्टीसाठी घर मागणाऱ्यांना नकार द्यावा. गाड्यांविषयी नियम करण्यापेक्षा आपल्याकडे किती गाड्या मावतात ते आरक्षणातच लिहावे. राजवाड्याजवळ राहणाऱ्यांनी रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) आणि अनंत चतुर्दशीच्या झाक्या (चित्ररथ) या दोन दिवशी गाडी दारापर्यंत येणार नाही, हे पाहुण्यांना आठवडाभर आधी कळवावे.

पाहुणा ठरल्या दिवशी गेला नाही तर?

येताना सही घेतलेल्या कागदावर हे वास्तव्य केवळ परवानगीने व ठरावीक दिवसांसाठी आहे, त्यातून भाडेकरूचा हक्क निर्माण होत नाही, असे स्पष्ट असावे. मुक्काम वाढत वाढत महिन्यांवर गेला तर वेगळा करार करावा आणि भाडेकरू म्हणून पोलीस पडताळणीही करावी. सामान बाहेर काढणे किंवा वीज तोडणे असे काही आपल्या हाताने करू नये, ठाण्याला कळवावे.

२०२८ च्या सिंहस्थासाठी आतापासून काय करावे?

सिंहस्थाचा मेळा भरतो ते उज्जैन इंदूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवर आहे, त्यामुळे त्या दिवसांत इंदूरमध्येही खोल्यांना मोठी मागणी असेल. नामांतरण, इतर हिस्सेदारांची संमती, विकास प्राधिकरणाच्या लीजची तपासणी आणि होम स्टेचा अर्ज ही कामे याच क्रमाने आताच हाती घ्यावीत, कारण यांतल्या पहिल्या दोहोंना कधीकधी वर्ष लागते. गर्दीच्या दिवसांत खोलीत जादा गाद्या टाकून नोंदणीतल्या खाटांच्या संख्येपेक्षा अधिक माणसे ठेवू नयेत, आणि आगाऊ रक्कम घेतल्यावर आरक्षण मोडायची वेळ आली तर ती किती दिवसांत परत करणार, हे पावतीवरच लिहून द्यावे.